आधी बोल्ट, मग पट्टा

सोमवारी सकाळी लिफ्टशेजारच्या फळ्यावर आमच्या गाडीची नोटीस लागली. वाचताना पहिल्यांदा जाणवलं ते हे की मजकूर चांगला आहे. नेमका, एकही शब्द जास्त नाही. मग आठवलं, हा मीच लिहिलाय.

तीन वर्षांपूर्वी मी सोसायटीची सचिव होते. बंद पडलेल्या गाड्या पार्किंगमध्ये जागा अडवून बसायच्या, म्हणून मी नियम करून घेतला. एकवीस दिवस न हललेल्या गाडीच्या मालकाला सात दिवसांची नोटीस द्यायची. सातव्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता गाडीने स्वतःच्या इंजिनावर इमारतीला एक फेरी मारून दाखवायची. नाही जमलं तर जागा काढून घ्यायची आणि चिठ्ठी टाकून दुसऱ्याला द्यायची. सभेत टाळ्या पडल्या होत्या. बिबवेवाडीत पार्किंगची जागा म्हणजे दुसरा फ्लॅटच, त्यामुळे दुसऱ्याची जागा जाणार असेल तर टाळ्या पडतातच.

त्या नियमाने तोवर एकच गाडी गेली होती. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त चित्रकला शिक्षक राहतात, सगळे त्यांना सर म्हणतात, त्यांची. त्यांनी दोन दिवस वाढवून मागितले होते. मी सांगितलं, नियमात तशी तरतूद नाही. त्यांच्या गाडीने अर्धी फेरी मारली आणि मागच्या पाण्याच्या टाकीपाशी वाफ सोडत ती थांबली. मी नोंदवहीत ‘अपूर्ण’ असं लिहिलं. आठवड्याने भंगारवाल्याचा टेम्पो आला. त्यांची जागा लिफ्टला लागून होती, छपराखाली. चिठ्ठी टाकली, आमची निघाली. नियम माझा, चिठ्ठ्यांवरचं अक्षर माझं. लबाडी काही नव्हती, पण ते सांगायची संधी मला कुणी दिली नाही. आमच्याकडे असं तोंडावर विचारत नाहीत. फक्त ‘अभिनंदन हं’ म्हणतात.

आता तीच जागा जायची वेळ आली होती. आणि ती मला माझ्यासाठी नको होती. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्या वॉकर घेऊन चालतात. लिफ्टच्या दारापासून गाडीच्या दारापर्यंत त्यांची अकरा पावलं होतात. ही जागा गेली तर मागची उघडी जागा मिळणार होती: तीन पायऱ्या आणि उखडलेल्या फरशा. गाडी बंद होती तेवढे दिवस आम्ही त्यांना रिक्षाने दवाखान्यात व्यायामाला न्यायचा प्रयत्न केला. वॉकर दिसला की रिक्षावाल्यांना एकदम घरी जेवायला जायचं असायचं. तिसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, “राहू दे गं, घरीच करीन.” मागे एकदा असंच ‘घरीच’ झालं होतं, तेव्हा दोन महिन्यांत पाय काठीसारखा ताठ झाला होता.

गाडीला झालं होतं एवढंच की इंजिनात पाणी फिरवणारा पंप गळत होता. तो एका दिवसात गळायला लागलेला नाही. माझ्या नवऱ्याचं मत असं की कूलंट ही कंपन्यांनी केलेली लूट आहे, आणि बोअरचं पाणी फुकट आहे. रोज सकाळी तो झाडांना घालून उरलेलं पाणी गाडीत ओतायचा. रोज पाणी कमी का होतं, हा प्रश्न त्याला पडला नाही. एक दिवस तापमानाचा काटा लालपर्यंत चढला आणि गाडी जी उभी राहिली ती राहिलीच. मी भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. तेव्हा आमची मार्चअखेरची मोजणी चालू होती, त्यामुळे घरची गाडी माझ्या यादीत खाली खाली गेली.

गॅरेजवाला म्हणाला, “ताई, मंगळवारच्या आधी नंबर नाही.” नोटीस रविवारी संपत होती. पंपाला बोल्ट असतात आणि माझ्याकडे पाने आहेत. मी पाहून, विचारून, लिहून काढून कामाच्या क्रमाची सतरा ओळींची यादी केली आणि शनिवारी अर्धी सुट्टी टाकून नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानात गेले.

दुकानदाराने गाडीचं वर्ष विचारलं आणि एक खोकं काउंटरवर आपटलं.

“हा नक्की बसेल ना?”

“नाही बसला तर फुलं ठेवा त्यात.”

“गॅस्केट आहे का आत?”

“खोकं उघडतं, बाई.”

पंपाला फिरवणारा पट्टाही मागितला. तो संपला होता. “जुना चालत असेल तर तोच चढवा,” तो म्हणाला, “मी बघायला येणार नाही.”

रविवारी सकाळी सातला मी सुरुवात केली. आठपर्यंत प्रेक्षक जमले. आमच्या सोसायटीत नळ दुरुस्त करायला कुणी येत नाही, पण दुसरा दुरुस्त करत असेल तर प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन खाली येतात. चौघे होते, आणि पाचवे अध्यक्ष. त्यांतल्या एकाही गृहस्थाने आयुष्यात स्वतः स्टेपनी बदललेली नाही. अध्यक्ष मधोमध बसले. त्यांनी नुकतीच एक अवाढव्य गाडी घेतली होती, ती त्यांच्या जागेच्या दोन खांबांमध्ये जेमतेम शिरायची. आरसे मिटून, पोट आत घेऊन ते रोज दारातून बाहेर पडायचे. लिफ्टजवळच्या जागेला एकाच बाजूला खांब आहे. सोसायटीच्या शिस्तीची त्यांना अचानक एवढी काळजी का वाटू लागली, ते सांगायला नको.

“वहिनी, नियमात बाहेरचा मेकॅनिक चालतो,” ते म्हणाले.

“माहीत आहे. मीच लिहिलाय.”

“आंटी, ॲक्च्युअली ना,” चौथ्या मजल्यावरचा आयटीवाला फोन पुढे करत म्हणाला, “या व्हिडिओत तो गाय हे ट्वेंटी मिनिट्समध्ये करतो.”

“त्याला खाली पाठव मग.”

रेडिएटरखालची तोटी सोडली, गंजकट पाणी टबात काढलं. पट्टा सैल करून काढला. पंपाच्या तोंडाशी एक चाक असतं, ते चार बोल्टांनी बसवलेलं. ते काढल्याशिवाय पंप निघत नाही. मी पाना लावला, जोर दिला आणि बोल्टासकट अख्खं चाकच गरागरा फिरलं. पुन्हा लावला, पुन्हा फिरलं. स्क्रूड्रायव्हर अडकवून पाहिला, तो वाकला. तासभर हेच. खुर्च्यांवरून रॉकेल सुचवलं गेलं, हातोडा सुचवला गेला, आणि एकाने सगळ्याचं मूळ गाडी पूर्वेकडे तोंड करून लावण्यात आहे असं सांगितलं. नवऱ्याने गॅलरीतून विचारलं, “झालं का?”

सासूबाई लिफ्टच्या दाराशी स्टुलावर बसून हे बघत होत्या. त्या अध्यक्षांना म्हणाल्या, “अहो, तुम्हाला बघून बघून दम लागला असेल. वर जाऊन पडा जरा.”

कुणी उठलं नाही.

दहाच्या सुमाराला सर दुधाची पिशवी घेऊन फाटकातून आत आले. त्यांची गाडी गेल्यापासून आमचं बोलणं ‘नमस्कार’च्या पुढे गेलेलं नव्हतं. ते थांबले, बॉनेटमध्ये डोकावले, मग जमिनीवर पडलेल्या पट्ट्याकडे बघितलं.

“पट्टा आधी काढलात?”

“यादीत तसंच आहे.”

“मग यादी चुकली. पट्टा ताणलेला असतो तोवर तो चाकाला धरून ठेवतो. आधी बोल्ट सैल करायचे, मग पट्टा. आता त्या चाकाला धरणारं कोण आहे?”

माझ्या यादीत चूक निघाली तर मला राग येतो, आणि खरी निघाली तर जास्त येतो. सरांनी दुधाची पिशवी सासूबाईंच्या मांडीवर ठेवली, जुना पट्टा चाकाभोवती गुंडाळला आणि दोन्ही टोकं मुठीत आवळली. “फिरवा.” चारही बोल्ट पाच मिनिटांत निघाले. खुर्च्यांवरून “मी हेच म्हणत होतो” असा आवाज आला.

मग त्यांनी पट्टा उलटा करून मला दाखवला. आतून भेगाच भेगा. वाकवला की त्या तोंड उघडत होत्या.

“हा फेरी पुरी करणार नाही,” ते म्हणाले.

रविवारी नाना पेठ बंद. मी हातातला पाना खाली ठेवला. अध्यक्षांनी घड्याळात बघितलं. सर दूध घेऊन वर गेले, आणि मला वाटलं, गेले. जायला हवंच होतं त्यांनी. त्यांच्या जागी मी असते तर गेले असते.

दहा मिनिटांनी ते पुठ्ठ्याचं एक लांबट वेष्टण घेऊन खाली आले. आत नवा पट्टा होता, खडूची पावडरही न पुसलेला. “आपल्या गाड्या एकाच जातीच्या होत्या,” एवढंच म्हणाले.

दुपारभर आम्ही दोघांनी काम केलं. जुना पंप निघाला, तेव्हा त्याचा पंखा चहात पडलेल्या बिस्किटासारखा, गंजाने खाल्लेला होता. मी तो नवऱ्याच्या हातात दिला. “हे तुझं फुकटचं पाणी.” त्याने तो घेतला आणि त्या दिवशी पुन्हा गॅलरीत आला नाही. पंपाच्या बोल्टांतला एक इतरांपेक्षा लांब असतो. मी पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवला होता. सरांनी ते बघून मान हलवली. “चित्र वाईट आहे, कल्पना चांगली आहे.” पंपाच्या बैठकीवर चिकटलेले जुन्या गॅस्केटचे तुकडे प्लास्टिकच्या पट्टीने खरवडले, लोखंडाने धातूला ओरखडे पडतात म्हणून. नवा पंप, समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळत. मग त्यांचा पट्टा. मग हिरवं कूलंट, आणि हीटर पूर्ण चालू ठेवून आतली हवा निघेपर्यंत वाट बघायची. साडेचारला हीटरमधून गरम वारा आला. पंपाखाली मी वर्तमानपत्र पसरलं होतं, ते कोरडं राहिलं.

सहाला अध्यक्ष नोंदवही आणि चष्मा घेऊन हजर. सासूबाई म्हणाल्या, “मी बसणार.” अकरा पावलं टाकून त्या पुढच्या सीटवर बसल्या, वॉकर मागे टाकला. मी गाडी काढली. वळणावर पट्टा किंचित किंचाळला. टाकीपाशी सर उभे होते, हात मागे बांधून. त्यांच्यासमोरून जाताना मी काट्याकडे बघत होते, त्यांच्याकडे नाही. काटा मध्यावर होता. फेरी पुरी करून मी गाडी जागेवर लावली.

“आवाज येतोय,” अध्यक्ष म्हणाले.

“आवाजाबद्दल नियमात काही नाही.”

“साक्षीदार म्हणून एका सभासदाची सही लागते.”

तेही मीच लिहिलं होतं. मी खुर्च्यांकडे बघितलं. दिवसभर ज्यांना हलवता आलं नव्हतं ते चौघे तीस सेकंदांत आपापल्या खुर्च्या उचलून लिफ्टमध्ये शिरले. आयटीवाल्याचा कॉल होता. अध्यक्षांशी वाकडं घ्यायचं नव्हतं कुणाला, पाणी सोडायची वेळ त्यांच्या हातात असते.

सर टाकीकडून चालत आले आणि पेन मागितलं. नोंदवहीच्या त्या पानावर एकच जुनी नोंद होती. त्यांच्या गाडीचा नंबर, तारीख आणि ‘अपूर्ण’. तिच्या खालच्या ओळीत त्यांनी सही केली. मग वरची ओळ वाचली.

“अक्षर छान आहे तुमचं,” ते म्हणाले.

अध्यक्ष नोंदवही मिटून निघून गेले. मी सरांना पट्ट्याच्या पैशांचं कसं करायचं ते विचारणार होते, पण तोंडातून दुसरंच निघालं. “सर, तेव्हा तुमच्या गाडीला काय झालं होतं?”

हे मी त्यांना त्या वेळी विचारलं नव्हतं. सचिव म्हणूनही नाही आणि शेजारीण म्हणूनही नाही.

“पाण्याचा पंप,” ते म्हणाले. “पंप आणि पट्टा आणून ठेवले होते. दोन दिवस लागले असते मला, हात हळू चालतात.”

“मग पंप?”

“दुकानदाराने परत घेतला,” सर लिफ्टचं बटण दाबत म्हणाले. “पट्टा ते परत घेत नाहीत.”