कोणतीवाली दया?

पदराला हात पुसायचा, मान जराशी तिरकी करायची आणि विचारायचं, "कोणतीवाली?"

समोरच्याने फक्त "तुमची फार दया येते हो बाई" एवढं म्हटलेलं असायचं, आणि तेही चांगल्या मनाने. त्याला वाटायचं, भाजी घेताना विचारावं तसं हे काय विचारणं? पण बाई खरोखरच विचारत असायची. दयेचे तिच्याकडे प्रकार होते. आपल्या वाट्याला त्यातला कोणता आला आहे हे कळल्याशिवाय ती पुढचं अक्षर बोलत नसे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना सांत्वन करायला जावं आणि आपणच घाम पुसत परत यावं. तिचं नाव सांगत नाही. तसं तिनेच बजावून ठेवलं होतं. "लिहशील त लिही, पण नाव नको टाकू. नाव टाकलं का लोकं घर शोधत येतात हळहळायले."

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा आमच्या भंडाऱ्याच्या ऑफिसात कपाटं, खुर्च्या, माणसं, सगळ्याची वाटणी झाली. तलाव आणि कालव्यांचं ऑफिस आमचं. अर्धी माणसं तिकडे गेली, उरलो आम्ही मूठभर. तिचा नवरा आमच्याच खात्यात कालव्यावर चौकीदार होता. तुमसर रोडवर ट्रकने त्याला उडवलं. पुष्कळ हेलपाटे घातल्यावर तिला अनुकंपा तत्त्वावर लिपिकाची नोकरी लागली आणि ती माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसली. मी आंधळगावच्या किराणा दुकानदाराची मुलगी, तोंडाने फटकळ. ती बपेऱ्याकडची, बौद्ध घरातली, माझ्याहून फटकळ. आमचं जमायला वेळ लागला नाही, आणि भांडायलाही.

ऑफिसात तिला "अनुकंपावाली बाई" म्हणत. मला संताप यायचा, तिला नाही. अनुकंपा तिला सगळ्यांत बरी वाटायची. सरकारची दया ती. नियमात बसलात तर मिळते, नाही तर नाही, त्यात कोणाच्या पाया पडायला नको. "आणि तिले तोंड नसते," ती म्हणायची. "देऊन झाल्यावर आपल्याकडं पाहत नाई बसत."

कीव मात्र तिला डोळ्यांसमोर नको असे. कीव करणारा माणूस आधी दोन पावलं मागे सरकतो आणि मग करतो, हे तिचं निरीक्षण. तुम्हीही बघा कधी, खोटं नाही. करुणा हा शब्द ती लहानपणापासून विहारात ऐकत आलेली. तो ती ऑफिसात वाया घालवत नसे. म्हणायची, करुणा बसल्या जागी होत नाही, त्यासाठी उठावं लागतं, आणि आपल्या ऑफिसात पाच वाजल्याशिवाय कोण उठते?

ती नेहमी बरोबर असायची असं मुळीच नाही. आमच्या गावचे एक म्हातारे पेन्शनर यायचे. त्यांनी एकदा तिच्या पोरीसाठी चिवड्याची पुडी आणली. हिने ती तशीच त्यांच्या पिशवीत परत घातली. म्हाताऱ्याचा चेहरा पाहवेना. मी तिच्यावर तुटून पडले. अगं, ती दया नव्हती, माया होती, एवढंही कळत नाही तुला? ती म्हणाली, असेल. पण मी आधी परत करते आणि मग पाहते. पुढे बरेच दिवस आम्ही एकमेकींशी फायलीपुरतंच बोललो.

आता शनिवारची गोष्ट. आमच्याकडे कामाच्या शनिवारी एकेकाचा नंबर असे. ज्याचा नंबर, त्याने घरून सगळ्यांसाठी काहीतरी करून आणायचं, आणि सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत बडे बाबूंच्या, म्हणजे आमच्या हेडक्लार्कच्या, हातवाल्या खुर्चीत बसायचं. तेवढा वेळ बडे बाबू स्टुलावर. शिपायाचा नंबर असला तरी हाच कायदा. वाटणीनंतर माणसं कमी झाल्यामुळे नंबर भराभर फिरून यायचा आणि जो तो घरी बायकोची बोलणी खायचा. तरीही हिचा नंबर कोणी लावला नाही. बडे बाबू म्हणाले, राहू द्या, लहान पोरगी आहे पदरात, कुठे रांधत बसेल, बिचारीला आपणच खाऊ घालू.

ती खायला आलीच नाही. ओळीने काही शनिवार आम्ही खात होतो आणि ती आपल्या टेबलावर फाईल उघडून बसत होती. मग एक दिवस बडे बाबूंसमोर जाऊन उभी राहिली. माझा नंबर कोणत्या शनिवारी, म्हणाली.

"तुमची दया येते बाई, म्हणून नाही लावला," बडे बाबू म्हणाले.

हिने पदराला हात पुसला. "कोणतीवाली?"

बडे बाबूंना काही कळेना. तेव्हा आवाज जराही न चढवता ती म्हणाली, "माह्या कष्टाची दया येऊन राहिली, का माह्या हातचं खा लागन म्हणून येऊन राहिली?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे लख्ख उजेड पडला. शिपाई बडे बाबूंच्या जातीचा, त्याचा नंबर लागत होता. माणसं कमी, सगळे नंबराला कंटाळलेले, आणि फुकटात मिळणारं एक माणूस हे लोक दयेच्या नावाखाली सोडून देत होते. बडे बाबू "छे छे, भलतंच काय" म्हणत पानदान शोधू लागले.

पुढच्या शनिवारी कोणाला न विचारता ती डबे घेऊन आली. लाखोळीच्या डाळीचे वडे, तांदळाच्या पिठाचे आयते, म्हणजे आमच्याकडची पातळ धिरडी, टमाटरची चटणी. टेबलावर डबे उघडले आणि सरळ जाऊन हातवाल्या खुर्चीत बसली. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून. "घ्या जी," म्हणाली.

बडे बाबू स्टुलावरून म्हणाले, "मी शनिवार धरतो. उपवास आहे माझा."

मागच्याच शनिवारी या गृहस्थाने सांबारवडीवर, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीवर, आडवा हात मारलेला मी पाहिला होता. बाकीचे फरशीकडे बघत बसले. मला भूक लागली होती आणि रागही आला होता. दोन्ही मिळून मी हाताला येतील तेवढे वडे उचलले. वडे असे झाले होते की मी राग विसरले. मग शिपाई आला, मग एकेक करून बाकीचे आले. डबे पुसून खाल्ले मेल्यांनी.

खरी गंमत पुढेच आहे. त्यानंतरच्या शनिवारी दुसऱ्या कोणाच्या तरी घरच्या कचोऱ्या आल्या. बडे बाबूंचा हात डब्याकडे गेला.

"बडे बाबूजी," ही म्हणाली, "आज शनिवार ना?"

हात जागच्या जागी थांबला. हिने पिशवीतून एक केळं काढून अदबीने त्यांच्यापुढे ठेवलं. आणि मग हे वर्षानुवर्षं चाललं. ऑफिसात घमघमाट सुटायचा, पुरणपोळ्या यायच्या, आणि बडे बाबू केळं सोलत बसायचे. खोटं बोललो म्हणून सांगायची सोय नव्हती. एकही शनिवार तिने केळं विसरलं नाही. मला म्हणायची, "मले खरंच कीव येते त्याईची. दोन पावलं मागं सरकूनच."

मग बडे बाबूंची बायको वारली. तेरवी आटोपून ते कामावर आले ते चुरगळलेल्या सदऱ्यात, डब्याशिवाय. सगळं ऑफिस "बिचारे बडे बाबू, बिचारे बडे बाबू" करायला लागलं, तेही त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. ही उसळली. म्हणाली, बिचारा म्हणून त्या माणसाला एवढंसं करून टाकू नका, मला भांडायला पुऱ्या मापाचा माणूस लागतो.

त्या शनिवारी तिचाच नंबर होता. तिने वडे वाढले आणि बशी बडे बाबूंसमोर ठेवली. केळंही शेजारी ठेवलं. त्यांनी आधी बशीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बाई, दया येते का माझी?"

"नाई. नंबर हाये माझा. खायचं असन त खा, नाई त केळं हाये."

त्यांनी वडा घेतला. मान वर न करता खाल्ला, मग अजून एक घेतला.

संध्याकाळी घरी जाताना मी म्हटलं, केलंस तर माफ शेवटी. ती भर रस्त्यात थांबली. मागून ऑटोवाला हॉर्न वाजवत होता, तरी हलेना. "माफ कोण केलं? भुकेल्याले वाढणं अलग, माफ करणं अलग. त्याईनं मागतलं नाई, मी देल्लं नाई." आणि मला सांगा, बडे बाबूंनी मागितलंही नाही कधी, अगदी निरोप समारंभातसुद्धा नाही. हार घालून घेतला, नारळ घेतला आणि गेले.

पुढे शनिवारची सुट्टी झाली आणि नंबरच संपले. ती निवृत्त झाली आणि वर्षभरात अंथरुणाला खिळली. दवाखान्यात होती तेव्हा मी लाखोळीचे वडे करून घेऊन गेले. माझे तिच्यासारखे होत नाहीत, पण केले. चादरीवर ठेवलेला तिचा हात पाहिला आणि माझे डोळे भरून आले. मी तोंड फिरवलं, तरी तिने पाहिलंच. तो हात तिने चादरीला पुसला. मान तिरकी करायला तिला त्रास झाला.

"कोणतीवाली?"

मला असा राग आला म्हणता! मरायला टेकली तरी झडती घेते. म्हटलं, "गप बस. आज माझा नंबर आहे."

ती हसली. मग कोपरावर जोर देऊन पायथ्याकडे सरकायला लागली. मी धरायला गेले तर हात झटकला. दम खात, थांबत थांबत सरकली आणि मोकळ्या झालेल्या उशीवर थाप मारली. "नंबर तुझा, त वर तू बस."

मी उशीशी बसले. तिने पायथ्याशी बसून अर्धा वडा खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणून सांगितलं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या एका जुन्या साहेबांचा नागपूरहून फोन आला. चांगला माणूस, मनात काही नाही. म्हणाले, "बाईंचं कळलं. ऐकून फार दया आली हो."

मी पदराला हात पुसला.

"कोणतीवाली, साहेब?"

मी फोन ठेवला नाही. उत्तर येईपर्यंत कानाला लावून उभी राहिले.