वाचणालयातला ण

सावेडीहून तारकपूरच्या स्टँडवर जायला रिक्षात बसलो आणि माझं पोट दुखायला लागलं. खरं तर दुखत काही नव्हतं, मला फक्त जायचं नव्हतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता घरांचे नकाशे काढते. तिने श्रीरामपुरात पायी फेरी ठरवली होती. जुनी घरं बघायची, त्यांच्यावरची नक्षी बघायची, कोण कुठून येऊन तिथे राहिलं ते समजून घ्यायचं. "सर, तुम्ही तिथलेच. शिवाय चित्रकलेचे मास्तर. नक्षीचं तुम्हीच सांगा," असं तिने म्हटलं आणि मी हुरळून हो म्हणून बसलो. मग तिने मोबाईलवर यादी पाठवली. स्टेशन, पेठ, चर्च, रेल्वे फाटकापलीकडची आमची गल्ली. आणि सगळ्यात शेवटी, वाचनालय.

त्या वाचनालयाच्या दारात मी चाळीस वर्षं पाऊल टाकलेलं नव्हतं. का, ते फक्त बायकोला माहीत होतं. "जाऊन या," ती म्हणाली. "समोरच्या बंगलेवाल्यांनी कुंपणाला पोपटी रंग दिला म्हणून घरात बसून किती दिवस चिडणार? आणि कुणी विचारलंच, तर सांगा लहान होतो."

लहान कसला, अकरावीत होतो. मिसरूड फुटलं होतं.

आमच्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. म्हणजे लिहिताना अण्णा, बोलताना अन्ना. आमच्या घरात ण नव्हताच. पानी, लोनी, कोन, दुकान सगळं एकाच सुरात. अण्णा पाथर्डीकडच्या कोरड्या गावातून कालव्याच्या कामावर माती उचलायला आले आणि माती उचलता उचलता गवंडी झाले. गल्लीतले सगळेच असे कुठून कुठून आलेले. आम्ही बौद्ध, शेजारी ख्रिस्ती, पलीकडे कारखान्याच्या ऊसतोडीला येऊन इथेच राहिलेले. शाळेत मराठीच्या गुरुजींनी मला 'पानी' लिहिलं म्हणून इतक्या वेळा बाकावर उभं केलं, की शेवटी मी ठरवूनच टाकलं. शंका आली की ण लिहायचा. शुद्ध बोलणाऱ्यांची भाषा ण नेच भरलेली असणार, अशी माझी समजूत.

गल्लीने वर्गणी काढून वाचनालय बांधलं तेव्हा दर्शनी भिंतीचं काम अण्णांकडे आलं. वर कमळ, दोन्ही बाजूंना वेली आणि मधोमध सिमेंटमध्ये उठावाची मोठी अक्षरं. अक्षरं आखायला अर्थातच मी, कारण चित्रकलेत पहिला. परांचीवर उभं राहून मी खडूने आखलं, 'सार्वजनिक वाचणालय'. पहिल्या शब्दात न कसा काय बरोबर आला, देव जाणे. अण्णांना एकही अक्षर वाचता येत नव्हतं. मी आखेन तसं ते थापीने सिमेंट चढवत गेले. ण च्या गोलाईपाशी त्यांचा हात अडला. दोनदा खरवडून काढलं.

"ह्ये कंचं रं, येवढं अवघड?" त्यांनी विचारलं.

"ण. तुमच्या अण्णातला."

ते हसले आणि तिसऱ्यांदा ते अक्षर असं काही घडवलं, की सगळ्या भिंतीत तेच देखणं उतरलं.

गल्लीत कुणाला खटकलं नाही. गल्ली सगळी आमच्याच वळणाची. उद्घाटनाला मात्र गावातून एक हेडमास्तर आले. त्यांनी मान वर करून पाटी मोठ्याने वाचली. ण वर जोर दिला, थांबले, पुन्हा वाचली. पुढच्या खुर्च्यांवरचे पाहुणे हसले. अण्णा कोपऱ्यात उभे होते, तेही हसले. त्यांना वाटलं, लोक खूश झालेत.

ते हसणं माझ्या डोळ्यांपुढून कधी गेलं नाही. पुढे मी चित्रकलेचा कोर्स करायला नगरला आलो, इथेच नोकरी लागली. घरी गेलो तरी मागच्या बोळातून जायचो. उतारवयात अण्णांना सावेडीत आणलं, ते इथेच गेले. त्यांना कुणी सांगितलं होतं का, एवढं एक विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या कामावर आपल्या पोरानेच काळं फासलं, हे कळून ते गेले की न कळता गेले?

तर अशा अवस्थेत मी श्रीरामपूरच्या स्टेशनबाहेर वीस-एक माणसांपुढे उभा राहिलो. सुरुवात बरी झाली. स्टेशनच्या पाटीवर अजून बेलापूर लिहिलेलं, गावाचं नाव श्रीरामपूर. मी म्हणालो, "दुसऱ्याच्या नावाच्या स्टेशनाभोवती वाढलेलं हे गाव. इथे मूळचा कोण, हे विचारू नका, सगळे गाडीतून उतरलेले." लोक हसले. पेठेत एका सिंधी कुटुंबाच्या घरापाशी थांबलो. दाराच्या चौकटीवर उजवीकडून डावीकडे वाचायची अक्षरं कोरलेली होती. घरातल्या सूनबाई बाहेर आल्या. "आम्हाला पण वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "सासरे असेपर्यंत ते वाचून दाखवायचे. आता नुसती पुसून ठेवतो." चर्चची कौलं पाहिली, एका अडत्याच्या घरावरचे सिमेंटचे मोर पाहिले. एका मोराला मान इतकी लांब होती, की त्यावर मी पाच मिनिटं टीका केली. दुसऱ्याच्या चुका काढताना माझी प्रकृती फार सुधारते.

फाटक ओलांडलं आणि मी खाली बघत चालू लागलो.

वाचनालय तसंच होतं. फिका निळा रंग नवा दिलेला. मी सगळ्यांच्या पुढे गेलो आणि घाईघाईने कमळाबद्दल बोलायला लागलो. पाकळ्या किती, सावली कशी पाडली, सिमेंट ओलं असतानाच कसं कापावं लागतं. नजर तिकडेच राहावी म्हणून हातवारेही केले. पण पुण्याहून आलेल्या एका तरुणाने मोबाईल वर धरला होता.

"सर, वाचनालय चुकलंय का हो? ण आहे."

माझी विद्यार्थिनी हसली. "अरे हो. कुणी लिहिलं असेल?"

शाळेत तीस वर्षं मी पोरांच्या चित्रांखालची नावं लाल शाईने दुरुस्त करत आलो. अक्षर अशुद्ध असेल तर चित्राचे गुण कापायचो. त्यातली दोन पोरं त्या घोळक्यात उभी होती. पण खोटं बोलायचाही आता कंटाळा आला होता.

"मी," म्हणालो. "अक्षर मी आखलं. घडवलं माझ्या वडिलांनी. ते गवंडी होते."

कुणी हसलं नाही. पायरीवर वाचनालयाचे जुने शिपाई बसले होते. ऐंशीच्या पुढचे, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

"तू अन्नाचा ना रं? मास्तर झालास त्यो?"

"व्हय मामा," माझ्या तोंडून कितीतरी वर्षांनी व्हय निघालं. आणि त्याच दमात, जे अण्णांना विचारता आलं नाही ते मी त्यांना विचारलं. "मामा, अण्णांना कळलं होतं का? अक्षर चुकलंय म्हणून?"

"न कळायला काय झालं? कमिटीनं त्याच हप्त्यात त्याला बोलावलं. म्हनले, एवढं अक्षर फोड अन् नीट कर. छिन्नी-हातोडी घिऊन आला हुता. मीच शिडी धरली."

मी वर पाहिलं. ण च्या दांड्याच्या खालच्या टोकाला छिन्नीचा एक टवका होता. एकच.

"मग?"

"मग काय. एक घाव घातला अन् खाली उतरला. म्हनला, ह्ये न्हाई फोडायचा मी. कमिटीवाले म्हनले, अरं चुकीचं हाय. तर म्हनतो, आसू द्या. येवढं एकच अक्षर मला वाचता येतं."

मामा किल्ल्या उगाच चाळवत म्हणाले, "सावेडीला जायच्या आधी रोज सांजच्याला हितं येऊन बसायचा. पेपर घ्यायचा हातात अन् त्यातले ण हुडकायचा. लई सापडायचे. बोट ठेवून मला दाखवायचा."

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. पण खरं सांगतो, दुःखाचं नव्हतं. चाळीस वर्षं मानेवर ठेवलेलं ओझं कुणीतरी सहज उचलून बाजूला ठेवावं, तसं हायसं वाटलं. त्या दिवशी अण्णा फसून हसले असतील. त्यानंतरचं सगळं त्यांनी कळून केलं होतं. आणि मी मूर्ख, मागच्या बोळातून ये-जा करत राहिलो. सरळ रस्त्याने आलो असतो तर पायरीवरच भेटले असते, पेपरात बोट घालून बसलेले.

विद्यार्थिनीने मामांची शिडी मागून घेतली. मी वर चढलो, गुडघे कुरकुरले तरी. तिसऱ्यांदा घडवलेल्या त्या गोलाईवरून हात फिरवला. रंगाचे थर बसूनही कडा अजून खणखणीत होत्या.

परतीच्या एसटीत राहुरीच्या आसपास बायकोचा फोन आला.

"काय झालं? कुणाच्या लक्षात आलं का?"

"सगळ्यांच्या."

"अगं बाई. मग आता दुरुस्त करणार का ते?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. "अण्णांना मग वाचता यायचं नाही."