आईने पाहिलेलं मस्कत

मी जर्मनीत कार्ल्सरूहेला निघाले तेव्हा नागपूरच्या विमानतळावर अर्धी वस्ती सोडायला आली होती. सगळ्यांना जयभीम करून झाल्यावर बाबांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "फोनवर चांगलं तेवढंच सांगत जा. आईला झोप लागली पाहिजे." त्यांना अनुभव होता. माझ्या शाळेची सगळी वर्षं ते मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर होते.

मी तसंच केलं. राजवाड्याचे, बर्फाचे फोटो पाठवले. पहिल्या हिवाळ्यात राहायला वोनुंग, म्हणजे भाड्याचं घर, मिळेना, बॅगा घेऊन आज हिच्याकडे उद्या तिच्याकडे राहत होते, ते सांगितलं नाही.

पुढे आईचे गुडघे दुखायला लागले. जर्मनीपर्यंतचा प्रवास झेपणार नाही, म्हणून अर्ध्या वाटेवर भेटायचं ठरलं. मस्कत आईनेच सुचवलं. बाबा म्हणाले, तिथे काय बघायचंय. ती म्हणाली, इतकी वर्षं वर्णन करत होतात, तेच.

पहिल्या दिवशी बाबांनी हौसेने फिरवलं. निळ्या-सोनेरी खांबांचा राजवाडा बाहेरून, मत्राहचा समुद्र, लोबानाचा वास भरलेला बाजार. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी मशीद, जिचं वर्णन बाबा फोनवर सगळ्यात जास्त करायचे. आई आणि मी ओढणी डोक्यावर घेत होतो, तेवढ्यात बाबांनी पहारेकऱ्याला विचारलं, चपला कुठे काढायच्या. आईने ते ऐकलं.

आत ते झुंबराखाली मान वर करून बराच वेळ उभे राहिले.

"अहो, तुम्ही पहिल्यांदाच आलात ना इथे?" आईने विचारलं.

"सुटी शुक्रवारची असायची," बाबा म्हणाले. "शुक्रवारी पर्यटकांना आत सोडत नाहीत."

बाहेर आल्यावर आई म्हणाली की आता तुम्ही राहायचात ती खोली दाखवा. बाबांनी ऊन, जेवण, तिचे गुडघे, सगळी कारणं देऊन पाहिली. शेवटी टॅक्सी केली.

रुवी भागातली ती इमारत अजून होती. खोलीत आता केरळची माणसं राहतात. त्यांनी आत बोलावलं, चहा टाकला. भिंतीला लागून एकावर एक पलंग, खिडकी एकच. बाबांनी वरच्या पलंगाकडे बोट केलं. आई खालच्या पलंगावर बसली, गादीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळली.

"आणि तू? तू काय काय सांगितलं नाहीस?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, सांग. मग परक्या माणसांच्या त्या खोलीत बसून मी तो हिवाळा सांगितला. आई रडेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, तेव्हा जेवत होतीस का.

त्या रात्री हॉटेलात ती गाढ झोपली.

आता रविवारी फोन केला की ती म्हणते, किचन दाखव. भांडी पडलेली असली तरी मी दाखवते. घर नागपूरला की कार्ल्सरूहेला, असं लोक विचारतात. मला वाटतं, जिथे आवरून बसावं लागत नाही, ते घर.