पापडीच्या तिठ्यावर ऐकलेली घंटा

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पाण्यात हडळ आहे म्हणणाऱ्या मैत्रिणींना मी तिथेच नेऊन पाय धुवायला लावायचे... कावळा बसायला आणि फांदी तुटायला, एवढंच माझं तत्त्वज्ञान. आजही तेच आहे — ही एक गोष्ट सोडून.

आमचं गाव भुईगाव. पन्नास सालानंतरची गोष्ट, मी अकरा-बारा वर्षांची असेन. धाकट्या रोझीला घटसर्प झाला. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायचा. तान्ह्या जॉनचाही घसा लाल झाला होता. डॉक्टर म्हणाले, "पोरीला मुंबईलाच न्या. हिचं इंजेक्शन वसईत नाही." मिशनची अ‍ॅम्ब्युलन्स मिळाली. आई जॉनला घेऊन घरी राहिली. रोझीला मांडीवर घेऊन बाबा, शेजारी मी, पुढे ड्रायव्हर महादूमामा.

पापडीच्या तिठ्यावर एक रस्ता स्टेशनकडे जातो, म्हणजे रेल्वेने मुंबईला. दुसरा वसईतल्या दवाखान्याकडे. तिथे घंटा ऐकू आली.

आमच्या चर्चची घंटा. इतक्या लांब ती कधी ऐकू येत नाही. बाप्तिस्मा झालेलं लहान मूल थेट स्वर्गात जातं, म्हणून ते गेलं की आमच्याकडे मयताची संथ घंटा नाही, सणाची वाजवतात — भरभर, आनंदाची. तशीच वाजत होती. मध्येच थांबली. जरा वेळाने पुन्हा सुरू झाली, पण अडखळत.

बाबांनी रोझीला छातीशी धरलं. "जॉन गेला," ते म्हणाले.

महादूमामांनी गाडी थांबवली. "मला पन ऐकू आली. पन पोरीला मुंबईलाच नेऊ."

"आनि पोराला माती कोन देईल? त्याची आय एकटी हाय. हिला हितंच दाखवू. माती देऊन मी परत येतो."

"बाबा, पानी," रोझी म्हणाली.

गाडी दवाखान्याकडे वळली. तिथे ते इंजेक्शन नव्हतंच, आणि आता हलवलंत तर वाटेतच जाईल म्हणाले. बाबांना तिला सोडून निघताच आलं नाही. दिवस मावळायच्या आत रोझी त्यांच्या हातावर गेली.

तिला घेऊन घरी आलो, तर ओटीवर आई जॉनला पाजत बसली होती.

"मग घंटा कुनासाटी वाजली?" बाबा ज्याला त्याला विचारत राहिले. घंटा वाजवणारे इनासकाका शपथेवर सांगत होते, दुपारच्या प्रार्थनेनंतर दोराला हात लावला नाही. गावात कुणीच ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रोझीला माती देताना काकांनी तिच्यासाठी घंटा वाजवली. भरभर, आनंदाची. मध्येच दोर तुटला. काका वर घंटेपाशी चढले आणि हातानेच वाजवू लागले, अडखळत... कुंपणाशी उभ्या महादूमामांनी माझ्याकडे पाहिलं. बाबा खड्ड्याशेजारी खाली बसले, ते उठेनात.

पुढे पुष्कळ वर्षं ते जगले, म्हणजे श्वास घेत राहिले. घंटा वाजली की वाडीच्या टोकाला निघून जायचे.

लोक म्हणतात, वाऱ्याने आवाज आला असेल. पण वारा उद्याची घंटा आज कशी आणेल? ती ऐकली नसती तर आम्ही स्टेशनकडे वळलो असतो, रोझी कदाचित जगली असती. आणि रोझी जगली असती, तर ती घंटा वाजलीच नसती. इतकी वर्षं मी इथेच येऊन अडते. पुढचं मला काही कळत नाही.