वरची खिडकी

आमच्या दुकानात तंबू भाड्याने मिळतो, पण आधी व्याख्यान ऐकावं लागतं. हे शिकले आठवीपर्यंत, तरी गिऱ्हाइकं ह्यांना मास्तर म्हणतात, ते त्या व्याख्यानामुळेच. मी मागच्या खोलीत मशीनवर फाटलेले तंबू शिवते. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, म्हणजे तेवढी वर्षं मी ते ऐकते आहे. माझे तर कान किटले.

सुरुवात ठरलेली. "आधी घरी एकदा उभा करून बघा. तिथे जाऊन पिशवी उघडलीत आणि एक काठी कमी निघाली, तर माझ्या नावाने खडे फोडू नका." मग जागा. जागा सपाट हवी, पण खोलगट नको, नाहीतर पाऊस आला की पहिलं पाणी तुमच्याच अंथरुणात. झाडाखाली तंबू ठोकण्याआधी मान वर करून वाळकी फांदी नाही ना, ते बघायचं. दार वाऱ्याच्या तोंडावर नको. खाली अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या कडेबाहेर डोकावता कामा नये, कारण त्यावर पडलेलं पाणी सरळ आत येतं. "आणि थंडी खालून येते, लक्षात ठेवा. अंगावर एक पांघरूण कमी चालेल, अंगाखाली दोन जास्त घ्या. झोपताना मोजे बदला. दिवसभर घामेजलेले मोजे घालून कुणाचे पाय गरम झालेत?" इथे गिऱ्हाईक हसतं, हेही हसतात.

पण शेवटच्या मुद्द्याला ह्यांचं हसू जातं. तंबूच्या शेंड्याजवळ जाळीची एक छोटी खिडकी असते. हे गिऱ्हाइकाला डोळे मिटायला लावतात आणि तिची चेन हाताने चाचपून उघडायला सांगतात. जमेपर्यंत सोडत नाहीत. "वरची खिडकी बंद करायची नाही, कितीही थंडी पडो. आणि पेटतं काही आत न्यायचं नाही. शेगडी नाही, गॅस नाही, काही नाही." एकदा एका कॉलेजच्या पोरीला पाच वेळा करायला लावलं, तेव्हा मी आतून ओरडले होते की आता तिला सर्टिफिकेट देऊन टाका.

हे स्वतः मात्र तंबूत झोपायला कधी गेले नाहीत. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी हौसेने विचारलं होतं, तर म्हणाले, "माझं झालंय झोपून." त्याचं कारण मला ठाऊक होतं. आमच्या लग्नाआधी नदीने ह्यांची अख्खी गल्ली नेली. हे, ह्यांची मोठी बहीण आणि सासूबाई असे तिघं दोन वर्षं मोकळ्या मैदानात तंबूत राहिले. दुसऱ्या हिवाळ्यात सासूबाई थंडीने गेल्या. घरात हे असंच सांगितलं जायचं, मलाही असंच सांगितलं.

नणंदबाई दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांना आम्ही दोघंही ताईच म्हणतो. त्यांच्या घरी ऐन हिवाळ्यात जायचं म्हणजे स्वेटर, शाल असा जामानिमा करून, कारण घरातली एकही खिडकी त्या बंद करू देत नाहीत. चहा पटकन प्या, नाहीतर चमच्याने फोडून खावा लागेल, असं मी त्यांना चिडवायची. त्या नुसता कप पुढे सरकवायच्या. मला वाटायचं, विक्षिप्तपणा.

गेल्या महिन्यात भाचा तंबू न्यायला आला. बरोबर ताई होत्या, आणि त्यांच्या कडेवर सात महिन्यांची नात. भाचा, त्याची बायको आणि बाळ दोन दिवस डोंगरावर जाणार होते. ह्यांनी व्याख्यान सुरू केलं, भाचा मोबाइलमध्ये डोकं घालून हं हं करत होता. खिडकीपर्यंत आल्यावर त्याने मान वर केली.

"मामा, बाळ आहे बरोबर. ती खिडकी आम्ही बंदच ठेवणार. मी छोटा गॅसचा हीटर घेतलाय, तंबू गरम झाला की बंद करून टाकू."

"मग तंबू मिळणार नाही," हे म्हणाले.

"असं काय करता? लोक सर्रास नेतात. तुम्हाला भीती वाटते म्हणून सगळ्यांनी कुडकुडायचं का?"

"नाही म्हणजे नाही."

"बरं, दुसरीकडून घेतो." त्याने आपली हीटरची पिशवी उचलली आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले.

मी मशीन थांबवलं. ह्यांनी एकदा बाळाकडे पाहिलं, मग ताईंकडे. चेहरा असा पांढराफटक पडला होता की मी उठून दारात आले.

"थांब," हे म्हणाले. "तुझी आजी थंडीने गेली नाही."



"तिला हुडहुडी भरली होती. मैदानाच्या टोकाला घोंगड्या वाटत होते, तुझी आई पुढे रांगेत गेली. कोळशाची शेगडी बाहेर पेटलेली होती, ती मी आत आणून आईच्या उशाशी ठेवली. ऊब जाऊ नये म्हणून वरची खिडकी घट्ट बांधली, दार लावलं आणि मीही रांगेत गेलो. दोन तासांनी मी आधी परत आलो, तुझी आई मागून येत होती. ती गेली होती. मी शेगडी बाहेर काढली, खिडकी सोडली आणि मग तुझ्या आईला हाक मारली. तिला सांगितलं, थंडीने गेली. बत्तीस वर्षं झाली."

भाच्याने पिशवी खाली ठेवली.

ताईंनी बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आईच्या उशाशी प्लास्टिक गोल वितळलं होतं, शेगडीच्या बुडाएवढं. मी त्याच दिवशी आईची पत्र्याची पेटी त्यावर सरकवली. लोकांनी बघितलं असतं, तर तुला जगू दिलं नसतं."

"म्हणून ती पेटी हलवू देत नव्हतीस?"

"म्हणूनच."

"मग एवढी वर्षं बोलली का नाहीस, ताई?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते." त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यांनी ह्यांच्याकडे बघितलंही नाही. "आधी वाटायचं, आज सांगेल, उद्या सांगेल. मग वाट बघायचीही सोडून दिली."

बाळाला घेऊन त्या निघून गेल्या. भाच्याने डोळे मिटून खिडकीची चेन चाचपली, उघडली, परत लावली, परत उघडली. ह्यांनी त्याला थांबवलं नाही की शाबासकी दिली नाही. तंबू घेऊन जाताना हीटर तो आमच्याच टेबलावर ठेवून गेला, अजून तिथेच आहे.

तिघं डोंगरावरून सुखरूप आले. ताई मात्र त्यानंतर दुकानात आलेल्या नाहीत. हे दोनदा त्यांच्याकडे जाऊन बसले. ताईंनी चहा दिला, इकडचं तिकडचं बोलल्या. खिडक्या उघड्याच होत्या.

व्याख्यान अजून चालतं. वरच्या खिडकीशी आले की ह्यांची बोलती बंद होते, म्हणून तेवढं मी आतून सांगते. चिडवणं मी सोडलं आहे. मला ह्यांची दया येते आणि रागही येतो. किती अनोळखी माणसांना ह्यांनी ती खिडकी दाखवली, आणि जिला एकदाच सांगायचं होतं, ती दोन गल्ल्या पलीकडे गारठ्यात बसून होती.