अब्बांच्या खुर्चीतला खळगा

भूतबीत असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही... आजही नाही. माझं शिक्षण केमिस्ट्रीचं. प्लास्टिक, फायबर, रबर यांच्या जुन्या, वेगळ्या डिझाइनच्या वस्तू दुरुस्त करून टिकवणं हे माझं काम. अमरावतीत साईनगरला घरामागची खोली हेच माझं वर्कशॉप. तिथंच, गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी हे घडलं.

अकोल्याच्या नसरीनबाजींनी एक नारंगी खुर्ची आणली. त्यांचे अब्बा दुकानांच्या पाट्या बनवायचे. ही खुर्ची त्यांनीच डिझाइन केलेली, फायबरमध्ये ओतलेली. अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली होती. फायबर ठणठणीत होतं, पण बैठकीचा फोम पार मेलेला. असा फोम वाळलेल्या खारी बिस्किटासारखा होतो – बोट लावलं की भुगा. त्यात मधोमध अब्बांच्या बसण्याचा खळगा होता.

"हा काढावाच लागेल, बाजी."

"तो खड्डा तेवढा राहू द्या ना. अम्मी रोज त्याच्यावर हात ठेवते."

"हात ठेवूनच तो संपून राहिला."

बाजींनी खुर्चीच्या कडेवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, "करा मंग. तुमाले समजते."

फोम काढायच्या दिवशी मी आधी सगळ्या बाजूंनी फोटो घेतले आणि कुलूप लावून जेवायला गेले. परत येऊन बघते तर... खळगा डावीकडे! मधला भाग भरून वर आलेला, डाव्या कडेला खोल दाब. आणि खाली भुग्याचा एक कण नाही. खिडक्या बंद होत्या. मांजर शिरलं असतं तरी चुरा झाला असता. मेलेला फोम दबत नाही, तुटतो. वर येणं तर सोडाच!

मी बाजींना फोनवर फक्त "या" म्हटलं. त्या अम्मींना घेऊनच आल्या. खुर्ची पाहताच बाजी दारातच थबकल्या.

"तुमाले कोनं सांगतलं?"

"काय?"

"लकव्यानंतर अब्बा असे डावीकडं कलून बसत. पण पलंगावर! खुर्चीत बसवा म्हणत होते... डॉक्टर नाही म्हणले. मंग राहूनच गेलं."

अम्मी पुढे झाल्या. त्या दाबावर हात ठेवायला गेल्या, पण ठेवला नाही. हळूच मला म्हणाल्या, "अब निकाल दो, बेटी. बैठ लिये वो."

मी पातं लावलं तसा फोमचा भुगा झाला, जसा व्हायला हवा तसाच. अम्मी शेवटपर्यंत शेजारी उभ्या होत्या. रडल्या नाहीत.

मला हे काम शिकवणाऱ्या सरांना मी आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले. "उजेडाचा फरक असेल," म्हणाले. असेलही. पण त्या दुपारी दाबाच्या कडेवरून मी हलकेच बोट फिरवलं होतं... आणि फोम मऊ लागला होता. ते कसं, हे मला आजही सांगता येत नाही.