बंधाऱ्याच्या मधोमध अडकलेली गाडी

कोल्हापूरकरांनो, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहितोय.

आज ताईच्या सासरी जेवायला निघालतो. तिचं गाव नदीच्या खालच्या अंगाला, वाट आमच्या बंधाऱ्यावरनंच. गाडी मधोमध आली आणि समोरनं माणसं आली. पुढं ताईचे मालक, आमचे दाजी.

"पाणी अडवणारे बरगे काढा! आमचा ऊस वाळाय लागलाय!"

तोवर मागनं आमचं गाव आलं. चुलता ओरडला, "आमचा काय हिरवा हाय व्हय? गाडी आडवी लाव रं!"

दाजी म्हणाले, "पावणं, गाडी काढा."

एरवी मला नावानं हाक मारतात.

बंधारा अरुंद, गाडी वळंना. तेवढ्यात ताईचा फोन. "कुठवर आलास? भाकरी टाकू?"

तुम्ही काय सांगितलं असतं?